चढणाऱ्यांचा पगार

थोरल्याचं ठरलं होतं. लाकडी शिड्यांची शेड बंद करायची. आणि थोरल्याचं एकदा ठरलं म्हणजे ठरलं. समोर प्रत्यक्ष ब्रह्मदेव येऊन उभा राहिला असता तरी हा म्हणाला असता, बसा, चहा घ्या, पण शेड बंद.

तसा तो वाईट माणूस नव्हता हो. त्याच शेडमध्ये तो रांगला होता, तिथल्याच भुश्यात लोळला होता, मिस्त्रीच्या रंध्यातून निघणाऱ्या लाकडाच्या सालींच्या मिशा लावून गल्लीभर फिरला होता. म्हणून तर सकाळी चहाच्या टेबलावर निर्णय सांगताना त्याचा आवाज गरजेपेक्षा जास्त चढला. स्वतःलाच नीट न पटलेली गोष्ट माणूस अशीच ओरडून सांगतो.

"बाबा, आकडे बघा. लाकडी शिडी आपण शंभराला विकतो आणि तिच्यावर खर्च होतात एकशे सहा. प्रत्येक शिडीमागे आपण गिऱ्हाइकाला सहा बक्षीस देतो! उलट ॲल्युमिनियमची शिडी ऐंशीला आणायची, शंभराला विकायची. वीस सरळ खिशात. शाळेतलं पोरही सांगेल काय करायचं ते."

कारखाना बाबांनी उभा केलेला. मागे शेड, तिथं मिस्त्री आणि त्याची माणसं लाकडी शिड्या घडवत. पुढे दुकान आणि त्याला लागून ऑफिसची खोली. ॲल्युमिनियमच्या शिड्या आठ वर्षांपूर्वी थोरल्याने आणल्या. त्या आयत्या, एका बड्या कंपनीकडून घ्यायच्या आणि विकायच्या. आता ती कंपनी म्हणत होती, दुप्पट माल उचला, सवलत देतो, फक्त ठेवायला जागा दाखवा. जागा म्हणजे शेड. महिनाअखेर सही करायची, की मिस्त्री आणि सगळी मंडळी आपापल्या घरी.

बाबांनी कागदाला हातही लावला नाही. चष्मा पुसला, डोळ्यांवर ठेवला, परत काढून पुसला.

"शिडी तोट्यात?" ते म्हणाले. "मग इतकी वर्षं आपण जेवलो कशावर?"

"आधीचं आधी गेलं, बाबा. आता लाकूड महागलं, पगार वाढले."

बाबांच्या तोंडावरचं पाणीच पळालं. ते बघून थोरल्याने नजर कागदावर वळवली. आकड्यांपुढे काय करणार?

टेबलाच्या टोकाला धाकटी बसली होती. धाकटी म्हणजे धाकट्या भावाची बायको. धाकट्याला शिड्यांचं वावडं, त्याने चष्म्याचं दुकान काढलं होतं. त्याच्यासाठी ही आपली चांगली नोकरी सोडून या गावात आली होती आणि दुसरी शोधत होती. ती हिशोब तपासणाऱ्या एका मोठ्या कचेरीत होती, एवढं थोरल्याला माहीत होतं. पण घरात माणूस असलं की त्याला विचारायचं असतं, हे आपल्याकडे कोणाला सुचतंय?

"दादा," ती पावाला लोणी लावता लावता म्हणाली, "त्या एकशे सहामध्ये काय काय आहे?"

"शिडी आहे. आणखी काय असणार?"

"तसं नाही. खाती कुठली?"

"दोनच. माल आणि करणावळ. लाकूड, स्क्रू, व्हार्निश म्हणजे माल. घडवणाऱ्यांचे पगार आणि बाकी सगळं म्हणजे करणावळ. बाबांच्या काळापासून तीच. मी फक्त कम्प्युटरवर घेतली."

"आणि ऑफिसचा खर्च?"

आता मात्र बाबांमध्ये जीव आला. "ऑफिसचा खर्च आमच्याकडे नाहीच, सूनबाई. बसून खाणारं एक माणूस मी आयुष्यात ठेवलं नाही."

"मग फोन कोण घेतं?"

"हॅलोताई."

"त्यांचा पगार?"

"करणावळीत. ती चढते ना!"

धाकटीची सुरी लोण्यात तशीच राहिली. "चढते?"

"शनिवारी दुपारी ये कारखान्यात," बाबा म्हणाले. "बघशील."

आता ही चढाई काय भानगड होती ते सांगायला हवं. बाबा तरुण असताना शिडी तयार झाली की मिस्त्री तिच्यावर चढून बघायचा आणि मग ती विकायला जायची. एकदा एक बाई घराच्या माळ्यावर चढताना पायरी मोडून पडली. पाय प्लास्टरमध्ये. बाबा तिला बघायला गेले, मोडकी शिडी खांद्यावर टाकून परत आणली आणि दिवसभर तिच्याकडे बघत बसले. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. मिस्त्रीला शिडी कळते, म्हणून तो पायरीच्या कडेला पाय ठेवतो, जिथं ती दांड्यात बसलेली असते. गिऱ्हाइकाला शिडी कळत नाही. ते मधोमध पाय देतं, एका हातात बादली धरतं आणि वर गेल्यावर मागे वळून बोलतं.

म्हणून बाबांनी नियम केला. ज्यांना शिडीतलं काही कळत नाही, त्यांनीच चढायचं. फोन घेणारी, बिलं करणारा, टेम्पो चालवणारा, गावोगाव फिरून शिड्या विकणारा, सगळे दर शनिवारी दुपारी मागच्या अंगणात. लांबलचक भिंतीला आठवड्याच्या शिड्या टेकवलेल्या. चढा, वर जाऊन वळा, दोन शब्द बोला, उतरा. कोणाला कुठं जरासं हललेलं वाटलं की त्या पायरीला खडूची खूण. त्या दिवसापासून एकही शिडी माणसाला घेऊन पडली नव्हती. बाबा म्हणायचे, जो चढतो तो शिडी करतो. म्हणून सगळ्यांचे पगार करणावळीत, आणि कारखान्यात टेबलाचा, म्हणजे ऑफिसचा, खर्च शून्य. या शून्याचा त्यांना इतका अभिमान की आल्यागेल्या पाहुण्यालासुद्धा ऐकवत.

शनिवारी धाकटी आली. थोरला अंगणात उभा होता, चेहरा पाडून, कारण या चढाया आता संपणार हे घरच्यांशिवाय तिथं कोणालाच माहीत नव्हतं. मिस्त्रीलाही नाही.

हॅलोताईंची पाळी आली. हॅलोताई चांगल्या भरभक्कम बाई, आणि उंचीला भयंकर घाबरायच्या. पण वीसेक वर्षांत त्यांनी एक शनिवार चुकवला नव्हता. "मेले गं बाई, मेले," असं पुटपुटत त्या चढल्या, वर जाऊन वळल्या, आणि एकदम थांबल्या. कान टवकारले.

"मिस्त्री, ही कुरकुरतेय."

"कुठली?"

"खालून तिसरी. तुम्हाला नाही ऐकू यायचं, तुमचे कान करवतीने गेलेत."

मिस्त्री हसला, वाकला, त्याने पायरी दाबून बघितली. खरंच खाचेत केसभर फट होती. त्याने गुपचूप खडू मारला. धाकटी टक लावून बघत होती. "काय बाई आहे!" ती हळूच म्हणाली, आणि ते थोरल्याने ऐकलं.

तेवढ्यात ऑफिसमधला फोन खणखणला. हॅलोताई अशा उतरल्या की घाबरणाऱ्या त्या याच का, असं वाटावं. पळाल्या. त्यांच्यामागे धाकटी. बराच वेळ झाला तरी दोघी परत येईनात, म्हणून थोरला बघायला गेला. हॅलोताई रिसीव्हर मानेत धरून कोणाला तरी ॲल्युमिनियमची शिडी उघडायला शिकवत होत्या. "नाही हो साहेब, आधी खटका दाबा. खटका. लाल. सापडला? आता पाय लांब करा. तुमचे नाही, शिडीचे!"

फोन ठेवल्यावर धाकटीने विचारलं, "लाकडी शिडीचेही असेच येतात फोन?"

"लाकडीचे कसले गं? तिला खटका आहे का बिघडायला? रंगारी येतो, बागवाला येतो, चढून बघतो, खांद्यावर टाकतो, जातो. हे सगळं या चमकीचं."

धाकटी थोरल्याकडे वळली. "दादा, मला आठ दिवस बसू द्या इथं. सगळे हिशोब बघू द्या."

थोरल्याला जरा झोंबलं. आठ वर्षं हिशोब त्याने सांभाळले होते, आणि ही कालची पोर! पण नाही म्हणायला कारण सापडेना. "बस बाई," तो म्हणाला. "बघ. सहाचे सात व्हायला नकोत म्हणजे झालं."

ती बसली. पण बसली म्हणजे कशी? कम्प्युटरला तिने पहिले दोन दिवस हातच लावला नाही. हॅलोताईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि प्रत्येक फोन कशासाठी आला ते विचारत राहिली. मग टेम्पोत ड्रायव्हरच्या बाजूला बसून गावभर हिंडली. विक्रीवाल्याला सगळे भिंगरी म्हणत, त्याच्याबरोबर दुसऱ्या गावाला जाऊन आली आणि त्याने किती दुकानांत चहा पिऊन काय काय विकलं ते बघितलं. बिलं करणाऱ्याला विचारलं, कुठल्या बिलाला जास्त वेळ लागतो. प्रश्न विचारायची तिची तऱ्हा अशी की समोरच्याला वाटावं, आपलं काम जगात कोणीतरी पहिल्यांदाच नीट बघतंय. टेम्पोवाला तर दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला.

थोरला आपला लांबून बघायचा. पहिल्यांदा चिडून, मग नवलाने. या माणसांबरोबर त्याची इतकी वर्षं गेली होती. पण ड्रायव्हर दिवसभर कुठं कुठं जातो, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. टेम्पो वेळेवर परत आला म्हणजे झालं, एवढंच त्याचं बघणं.

आठवडा भरत आला तशी ती एका सकाळी त्याला म्हणाली, "दादा, शेडमध्ये येता? दाखवायचंय."

मिस्त्री आणि मंडळी अजून यायची होती. शेडमध्ये व्हार्निशचा वास होता. धाकटीने जमिनीवर खडूने एक लांब रेघ मारली आणि सामान गोळा करायला लागली. लाकडाचा एक तुकडा, स्क्रूची डबी, व्हार्निशचा डबा, मिस्त्रीचा रंधा. हे सगळं रेघेच्या अलीकडे. मग ऑफिसमधून आणलेला फोन, टेम्पोची किल्ली, दुकानाच्या भाड्याची पावती, विजेचं बिल, भिंगरीची बॅग. हे रेघेच्या पलीकडे.

"आता सांगा," ती म्हणाली. "आज एक शिडी कमी केली, तर यातलं काय वाचेल?"

थोरल्याने अलीकडे बघितलं. "लाकूड वाचेल. स्क्रू वाचतील. व्हार्निश, मजुरी."

"आणि पलीकडचं?"

"पलीकडचं..." तो थांबला. "भाडं द्यावंच लागेल."

"फोन वाजायचा थांबेल?"

"नाही."

"एक सोडा. सगळ्या शिड्या बंद केल्या, ही शेड रिकामी केली, तर फोन थांबेल? टेम्पो थांबेल? भिंगरी फिरायचा थांबेल?"

थोरल्याने टेम्पोची किल्ली उचलली आणि परत पलीकडेच ठेवली.

"अलीकडचं सगळं शिडीच्या पोटात जातं," ती सांगत होती. आवाज शांत, मुलाला गणित समजवावं तसा, पण त्यात कमीपणा देणं नावालाही नव्हतं. "पलीकडचं शिडीत जात नाही. ते शिडी विकण्याचं आणि कारखाना चालवण्याचं. आमच्याकडे त्याला विक्री आणि प्रशासनाचा खर्च म्हणतात. ते वाईट नाही, वाया जाणंही नाही, त्याच्याशिवाय शिडी अंगणातच कुजेल. पण ते वेगळं लिहावं लागतं. आधी शिडीने स्वतःचं पोट भरून काय उरवलं ते बघायचं, मग त्या उरलेल्यातून हा पलीकडचा ढीग भागतो का ते बघायचं. सगळे चढतात म्हणून बाबांनी हा अख्खा ढीग लाकडी शिडीच्या पोटात घातला. ॲल्युमिनियमवर कोणी चढत नाही, म्हणून तिच्या वाट्याला काहीच नाही."

तिने जमिनीवरच आकडे लिहिले. एकशे सहामधले खरे शिडीचे अडुसष्ट. अडतीस तो पलीकडचा ढीग. म्हणजे लाकडी शिडी शंभरामागे बत्तीस देत होती आणि तिला तोट्याची म्हणून घराबाहेर काढायला निघाले होते.

"लाकडाचा शंभराचा माल खपतो तेव्हा ॲल्युमिनियमचा दोनशेचा खपतो," ती म्हणाली. "त्याचे चाळीस. चाळीस आणि बत्तीस बहात्तर, त्यातून ढिगाचे अडतीस गेले की चौतीस उरतात. आता शेड बंद करा. बत्तीस गेले. ढीग तिथंच. चाळिसातून अडतीस. हातात काय राहिलं?"

"दोन," थोरला म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज त्याला परका वाटला.

"दुप्पट माल घेतला तर ॲल्युमिनियमचे चाळीस वाढतील ना, असं तुम्ही म्हणाल. वाढतील. पण फोनही दुप्पट, फेऱ्याही दुप्पट. मी मोजून बघितलंय, पलीकडच्या ढिगातला तीन चतुर्थांश आत्ताच ती चमकी खातेय, म्हणजे वाढलेल्या चाळिसातले अठ्ठावीस तिथंच जातील. आजवर घर चालवलंय ते या लाकडाने."

थोरला सुतारकामाच्या बाकावर मटकन बसला. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते त्याला त्या सकाळी कळलं. आणखी थोड्या दिवसांत तो सही करणार होता. मिस्त्रीला घरी बसवणार होता, बाबांची शेड रिकामी करणार होता, आणि वर्षभराने मूठभर उरलेल्या पैशांकडे बघत डोकं खाजवणार होता. आणि हे सगळं कशाने? त्यानेच कम्प्युटरमध्ये दोन खाती डोळे झाकून उतरवली म्हणून. आणि ही पोरगी, जिला घरात कोणी साधं विचारलं नाही, तिने एक खडू घेऊन अख्खा कारखाना वाचवला! त्याला तिचं इतकं कौतुक वाटलं की काही सुचेना, आणि काही सुचलं नाही की तो नेहमी करायचा तेच त्याने केलं. चेष्टा.

"या ढिगात मी कुठं आहे?" त्याने विचारलं.

धाकटीने बोट पलीकडे दाखवलं. "भाड्याच्या पावतीशेजारी."

"म्हणजे मी पण टेबलाचा खर्च!"

"सगळ्यात महाग," ती म्हणाली, आणि दोघं हसले.

पण खरी लढाई पुढेच होती. बाबांना सांगायचं होतं.

बाबांना आनंद व्हायला हवा होता. शेड वाचली, शिडी फायद्यात. पहिल्यांदा झालाही. डोळे पाणावले त्यांचे. मग धाकटीने ऑफिसच्या टेबलावर नवा कागद ठेवला, वर शिडीचा खर्च, मध्ये रेघ, रेघेखाली विक्रीचा आणि ऑफिसचा, आणि रेघेखालची नावं वाचता वाचता बाबांचा चेहरा लाल होत गेला.

"हे काय? हॅलोताई रेघेखाली? ड्रायव्हर खाली? माझ्या माणसांना तू बसून खाणारे म्हणतेस?"

"तसं मी म्हटलं नाही, बाबा."

"कागद म्हणतोय!" बाबांनी टेबलावर हात आपटला. "पडणाऱ्या माणसाचा जीव वाचवलाय या लोकांनी. त्यांच्या कानांनी, त्यांच्या पायांनी शिडी होते. आणि तू एक रेघ मारून त्यांना शिडीतून काढलंस?"

आता ऑफिसची खोली ती किती मोठी? हॅलोताई कोपऱ्यातच बसल्या होत्या. त्यांनी फोनच्या तारेला पीळ घालायला सुरुवात केली. "म्हणजे मी शिडीत नाही?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "माझ्या घरी सगळ्यांना मी सांगते, मी शिड्या करते म्हणून."

मध्ये पडावं, सांभाळून घ्यावं, असं थोरल्याला वाटलं. कागद घडी करून खिशात घालावा, पुढचं पुढे बघू म्हणावं. त्याने तोंड उघडलंसुद्धा.

धाकटीने त्याला बोलू दिलं नाही. ती उठली, हॅलोताईंच्या जवळ गेली आणि खुर्ची ओढून आठवडाभर बसायची तशीच बसली.

"ताई, हा वरचा भाग वाचा. रेघेच्या वरचा. मोठ्याने."

हॅलोताईंनी चष्मा लावला. "लाकूड. स्क्रू, पाचरी. व्हार्निश. मिस्त्री आणि मंडळी." त्या अडखळल्या. "चढाई. शनिवार दुपार. आणि चढाईखाली... अगं, इथं आमची सगळ्यांची नावं आहेत!"

"आहेत ना. शनिवारी दुपारी तुम्ही शिडी करता, बाबा म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे. म्हणून तेवढा पगार मी शिडीतच ठेवला. त्याने शिडीचे अडुसष्टचे सत्तर झाले, होऊ देत. तो खरा खर्च आहे, जगातल्या कुठल्याही शिडीत नसेल असा. पण सोमवार ते शुक्रवार तुम्ही शिडी करत नाही, ताई. तुम्ही ती विकता. अनोळखी माणसाला फोनवरून शिडी उघडायला शिकवता आणि तो पुढच्या वेळी परत इथंच येतो. ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. इतकी वर्षं तुमचं ते काम हिशोबात नव्हतंच. सगळं मिळून चढण्याचेच पैसे मिळत होते तुम्हाला."

हॅलोताईंनी तारेचा पीळ सोडला.

"विकते मी?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, मी नुसती फोन घेते." मग त्यांनी कागद बाबांच्या पुढे सरकवला आणि बोट ठेवून म्हणाल्या, "मालक, बघा तर. दोनदा नाव आलंय माझं. वर पण आणि खाली पण."

बाबा बघत राहिले. राग उतरायला वेळ लागला, कारण तो काही आजचा नव्हता. त्या मोडक्या पायरीपासूनचा होता. त्यांनी रेघेवरची नावं वाचली, मग खालची, मग परत वरची. ओठ हलत होते. शेवटी ते म्हणाले, "माझं खोटं नव्हतं ना, सूनबाई?"

"नाही बाबा. खरं होतं. फक्त आठवड्यातल्या एका दुपारचं होतं, आणि ते सगळ्या आठवड्याला लावलं होतं."

बाबांनी हळूहळू मान डोलावली. "बरं. असू दे ही रेघ," ते म्हणाले. आयुष्यभराचं शून्य त्या चार शब्दांत गेलं, आणि ते किती जड होतं ते थोरल्यालाच दिसलं.

तो कागद उचलून परत वाचत होता. बड्या कंपनीला काय कळवायचं ते त्याच्या मनात जुळत होतं, की दुप्पट माल नको, आहे तेवढाच, आणि तो गिऱ्हाइकाला घरपोच द्यायचा तर त्याचे पैसे वेगळे. वाचता वाचता तो रेघेखालच्या शेवटच्या नावापर्यंत आला. हॅलोताई, भिंगरी, ड्रायव्हर, बिलंवाला, तो स्वतः. त्याने परत पहिल्यापासून बघितलं. कागद उलटा करून मागे बघितलं.

"यात चूक आहे," तो म्हणाला.

धाकटी दचकली. "कुठं?"

"एक माणूस राहिलंय."

"शक्य नाही, दादा. मी सगळ्यांना धरलंय."

"आठ दिवस सकाळी सगळ्यांच्या आधी येणारं, टेम्पोत फिरणारं, खडूने रेघा मारणारं माणूस. त्याचा पगार कुठाय?"

एवढी आकड्यांत पोहणारी पोरगी, कानापर्यंत लाल झाली. "मी काय, घरचीच आहे," ती म्हणाली.

"मीही घरचाच आहे. मला का लिहिलंस मग?"

"अरे हो की!" हॅलोताईंनी टेबलावर थाप मारली.

बाबांनी खिशातून पेन काढलं. ज्या माणसाने उभ्या जन्मात टेबलाचा एक पैसा खर्च मानला नव्हता, त्याने कागद स्वतःकडे ओढला, चष्मा नाकावर खाली घेतला आणि रेघेखाली, सगळ्या नावांच्या शेवटी, एका एका अक्षरावर जोर देऊन धाकटीचं नाव लिहिलं. मग पुढच्या रकान्यात पेन टेकवून तिच्याकडे बघितलं. "किती?"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. नोकरी सोडून आल्यापासून तिला तो प्रश्न कोणी विचारला नव्हता. थोरल्यानेच उत्तर दिलं. "सोडून आली तिथं मिळत होता तेवढा. आणि आजपासून हिशोब हिच्याकडे."

"महाग पडेल हो," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "रेघेखालचा ढीग वाढेल."

"पडू दे," बाबा म्हणाले. "ढिगातलं हे माणूस नसतं तर आज शेड नसती."

पुढच्या शनिवारी मागच्या अंगणात भिंतीला शिड्या लागल्या तेव्हा सगळे तिच्याकडे बघायला लागले. पगार घेणारं माणूस म्हटल्यावर चढणं आलंच. पोरीने वर बघितलं आणि तिची बोबडी वळली. हॅलोताई पुढे झाल्या. "मी पण अशीच थरथरायचे गं. मेले मेले म्हणत चढ, काही होत नाही." थोरल्याने शिडीचा पाय धरला, इतका घट्ट की बोटं पांढरी पडली. ती चढली. मधोमध पाय देत, जसा गिऱ्हाईक देतं तसा. वर जाऊन वळली, आणि बोलायचे दोन शब्द काही सुचेनात म्हणून नुसतीच हसली.

"हलतेय का कुठं?" मिस्त्रीने खालून विचारलं. शेड जाता जाता राहिली हे त्याला अजूनही कोणी सांगितलं नव्हतं, आणि थोरल्याच्या मते सांगायचं कारणही नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "शिडी नाही हलत. माझेच पाय हलतायत."

ती उतरली तेव्हा बाबा शेडच्या दारात उभे होते. ते नेहमीच्याच करड्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, आजची दुपार तुझी पण वर लिही. रेघेच्या वर."